दुर्बीण ८×४२ घेऊ की १०×४२? (बजेट वीस हजार, ओढूनताणून पंचवीस)

खडकमाळ | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आज पहाटे भिगवणला गेलो होतो, कुंभारगावातून होडी केली. माझ्याकडे एक दुर्बीण होती, तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेली, बाराशे रुपयांची, खोक्यावर "१००×" आणि "डे-नाइट" असं ठसठशीत छापलेलं. तिच्यातून पट्टकादंबांचा थवा म्हणजे नुसते राखाडी ठिपके, त्यातही एकाचे दोन. मग होडीवाल्या दादांनी त्यांची दिली बघायला, जुनीच होती, पट्ट्याऐवजी नाडी बांधलेली, आणि एकदम त्या पक्ष्याच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसले! ज्या पट्ट्यांवरून त्याचं नाव पडलं ते मी आजवर फक्त पुस्तकातच पाहिले होते. येताना गाडीत नवरा म्हणाला आता हे खेळणं फेक आणि एकदाच काय ती नीट घे.

तर एकदाच नीट कुठली घेऊ? पुण्यात राहते, पाषाण तळं, सिंहगडाची दरी, वर्षातून दोनदा भिगवण आणि जमलं तर ताडोबा. मला चष्मा नाही. घरात बाबा आहेत, ते बघतील अधूनमधून. निकॉन मोनार्क एम५, प्रोस्टाफ पी३ आणि पी७, व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी, निकॉन अॅक्युलॉन एवढी नावं काढलीयत आणि आता डोकं गरगरतंय. आणि ८ का १०?

---

थापट्या | रविवार, रात्री १०:३५

छान धागा. मी पंधराएक वर्षं फिरतोय आणि तीन दुर्बिणी झाल्या, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी ते १०० विसरा. हातात धरून बघायच्या दुर्बिणीला ८ किंवा १० पट एवढंच बास, त्याच्या वर गेलं की हाताचा थरथराटही तितक्याच पट मोठा दिसतो. ८×४२ मधला ८ म्हणजे किती पट, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिमीमध्ये. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतं. तेवढ्या मिमीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात जातो. १०×४२ ला तोच ४.२. भर दुपारी काही फरक नाही कारण आपली बाहुलीच दोन-तीन मिमीची झालेली असते, पण पहाटे सव्वासहाला दरीत उभे असाल तर तो एक मिमी कळतो.

दुसरं म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू. ह्याच्याकडे नवीन लोक बघतच नाहीत आणि मग बाभळीत वटवट्या शोधताना रडतात. हजार मीटरवर किती रुंदीचा देखावा मावतो तो आकडा असतो. तुमच्या यादीतल्या एम५ ८×४२ चा ११२ मीटर आहे. तिच्याहून स्वस्त पी३ आणि पी७ चा १२६. डायमंडबॅक १३१ च्या आसपास. आणि मोनार्कचीच मोठी बहीण एम७, तिचा १४५, पण ती तुमच्या बजेटला फाडून जाते. म्हणजे पैसे जास्त तर देखावा रुंद असं काही नाही, एम५ मध्ये तुम्ही पैसे मोजता ते काचेसाठी.

माझं मत विचाराल तर ८×४२. डोळे झाकून. (म्हणजे उघडे ठेवून.)

---

मुलुंडचा_मी | रविवार, रात्री १०:५२

थापट्याशी असहमत, नेहमीप्रमाणे. आम्ही ठाणे खाडीवाले, आमचे पक्षी चिखलाच्या पलीकडे दोनशे मीटरवर असतात. तिथे तुतवार कुठला आणि चिखल्या कुठला हे ८ मध्ये ठरवायला गेलं की भांडणं होतात. १०×४२ घ्या ताई, भिगवणला बदकं बघायचीयत ना? बदकं झुडपात बसत नाहीत.

---

थापट्या | रविवार, रात्री ११:०४

आणि भिगवणला बघतात कशातून? होडीतून. हलत्या होडीत १० पट. बरं बरं.

---

मुलुंडचा_मी | रविवार, रात्री ११:०६

हा मुद्दा मान्य. पण होडीवाले इंजिन बंद करतात हो.

---

कोतवाल_तारेवरचा | सोमवार, सकाळी ७:१५

दोघांचं चालू द्या. काचेबद्दल थोडं सांगतो कारण एम५ आणि पी३ मधला जवळजवळ दुप्पट किमतीचा फरक कशाचा हे कुणी बोललंच नाही.

दुर्बिणीत दोन जाती. एक जुन्या सिनेमातल्या कर्नलची असते ती, खांदे बाहेर आलेली, पोरो. दुसरी सरळ नळकांडीसारखी, रूफ. रूफमधलं प्रिझम सुटसुटीत पण नखरेल. त्यातून जाताना उजेडाचे दोन भाग होतात आणि परत एकत्र येताना त्यांची लय चुकलेली असते, त्याने चित्र मऊ पडतं. ते सुधारायला फेज कोटिंग. शिवाय त्या प्रिझमच्या एका बाजूवर उजेड आपोआप परतत नाही, तिथे आरसा चढवावा लागतो. स्वस्तात अॅल्युमिनियमचा, बऱ्यापैकीत चांदीचा, भारीत डायइलेक्ट्रिक, ज्यातून जवळपास सगळाच उजेड परत येतो. एम५ मध्ये फेज आणि डायइलेक्ट्रिक दोन्ही आहेत, वर ईडी काच.

ईडीचं काय ते बघायचं असेल तर माझ्या आयडीकडे बघा. काळा कोतवाल, विजेच्या तारेवर, मागे पांढरं आभाळ. साध्या काचेतून त्याच्या पाठीच्या कडेला जांभळी रेघ दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट. ईडीत ती बरीच पुसट होते. काहींना ती रेघ कधी दिसतच नाही, ते सुखी लोक, त्यांनी पैसे वाचवावेत. मला एकदा दिसली आणि आता जाता जात नाही.

पोरोला मात्र हे फेजबिजचे लाड लागत नाहीत. म्हणून दहा हजारातली पोरो तेवढ्याच पैशाच्या रूफला चित्रात सहज गाठते, बरेचदा मागे टाकते.

---

गच्चीवाला | सोमवार, सकाळी ९:४०

हेच लिहायला आलो होतो, शेवटच्या परिच्छेदाला +१. अॅक्युलॉन १०×५० आहे माझ्याकडे, पक्ष्यांसाठी नाही, आकाशासाठी. आरामखुर्ची गच्चीत टाकायची, कोपर हातावर टेकवायचे, कृत्तिका बघायच्या. नुसत्या डोळ्यांना सहा-सात, इथे मूठभर हिरे सांडल्यासारखं. गुरूचे चार चंद्रसुद्धा दिसतात, हात टेकलेला असेल तर. पण खरं तेच सांगतो, तिचं वजन नऊशे ग्रॅमच्या घरात, सिंहगड चढताना गळ्यात धोंडा. आणि वॉटरप्रूफ नाही. सात मीटरच्या आत काही फोकस होत नाही.

---

रत्नांग्रीची_मावशी | सोमवार, दुपारी १:२०

वॉटरप्रूफ नाही म्हणालात तिथेच थांबा. बाळा, कोकणात पाऊस काढायचा असेल तर आत नायट्रोजन वायू भरून हवाबंद केलेलीच घे. आमच्या ह्यांची एक चांगली पोरो होती, कपाटात ठेवलेली, चामड्याच्या पाकिटात, अगदी जपून. दोन पावसाळे गेले आणि गणपतीच्या आधी बाहेर काढली तर आत काचेवर कोळिष्टकासारखी पांढरी नक्षी. बुरशी. पुसायला जावं तर आतल्या बाजूने. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ करून दिली पण काचेवरचं कोटिंग बुरशीने खाल्लेलं ते काही परत आलं नाही, आता तिच्यातून सगळीकडे बारा महिने धुकं.

चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, ते ओल धरतं, हे आम्हाला नंतर कळलं. आता नवी आहे ती मी पापडाच्या हवाबंद डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पापडसुद्धा इतके नीट राहत नाहीत.

---

फुलपाखरू_२ | सोमवार, दुपारी ३:०५

पक्षी नसले की फुलपाखरं बघणार असाल तर क्लोज फोकस (किती जवळचं स्पष्ट दिसतं ते) विचारा. डायमंडबॅक एचडी ८×४२ दीड मीटरपर्यंत येते, एम५ अडीच. हा एक मीटर म्हणजे घाणेरीवर बसलेलं फुलपाखरू बघायला मागे सरकावं लागतं की नाही एवढा आहे. बाकी तज्ज्ञ सांगतीलच.

---

टीकाकार_नं_१ | सोमवार, संध्याकाळी ६:३०

वीस हजार दुर्बिणीला?? हल्ली फोनमध्ये शंभर पट झूम असतो.

---

मुलुंडचा_मी | सोमवार, संध्याकाळी ६:४१

उडत्या नदी सुरयवर फोन रोखून दाखवा, चहा माझ्याकडून.

---

खडकमाळ | सोमवार, रात्री ९:१५

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. मावशी, पापडाच्या डब्याची आयडिया भारीच.

दोन शंका. एक, प्रिझमच्या काचेबद्दल बॅक-४ आणि बीके-७ असं जे लिहितात ते कसं ओळखायचं, विक्रेता तर काहीही लिहील. दुसरं, ऑनलाइन घेऊ का दुकानात? ऑनलाइन दीड-दोन हजाराने स्वस्त दिसतेय.

---

कोतवाल_तारेवरचा | सोमवार, रात्री ९:५०

पहिल्याचं उत्तर सोपं. दुर्बीण हातभर लांब धरा आणि उजेडाकडे करा, खिडकी चालेल, सूर्याकडे नको (कधीच नको). मागच्या काचेत उजेडाची चकती दिसेल. गोल गरगरीत दिसली तर प्रिझम चांगलं. कडा कापल्यासारखी, शंकरपाळ्यासारखी दिसली तर बीके-७ किंवा प्रिझममध्ये काटकसर. तुमच्या त्या १००× वर करून बघा, शंकरपाळं नक्की.

---

देवबाभूळ | सोमवार, रात्री ११:२५

दुसऱ्या शंकेवर माझी रडकथा ऐका, दीड-दोन हजार वाचवायच्या आधी.

दोन वर्षांपूर्वी अशीच ऑनलाइन घेतली, कंपनी नावाजलेली, मॉडेल चांगलं, सगळीकडे पाच तारे. खोकं उघडलं, गॅलरीतून बघितलं, मस्त. दुसऱ्या दिवशी मयूरेश्वरला गेलो, सुप्याला, चिंकारा बघायला. तासाभराने डोकं चढलं. वाटलं ऊन लागलं. पुढच्या रविवारी परत तेच, ह्या वेळी तर सावलीत बसून. बायको म्हणाली चष्म्याचा नंबर बघून घे, तो पण बघून आलो, नंबर शून्य. महिनाभर मी स्वतःलाच दोष देत होतो.

मग एका ट्रिपला शेजारी एक काका होते, त्यांनी हातात घेतली, दोन मिनिटं लांबच्या टॉवरकडे बघितलं आणि म्हणाले, अहो हिचे दोन डोळे वेगवेगळीकडे बघतायत. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. थोडंसं चुकलेलं असेल तर मेंदू ओढूनताणून दोन चित्रं जुळवतो, म्हणून दिसायला एकच दिसतं, पण त्या ओढाताणीचं बिल डोकेदुखीने येतं. वाहतुकीत कुठेतरी आपटली असणार. परत द्यायला गेलो तर दहा दिवसांची मुदत केव्हाच संपलेली. विक्रेता म्हणे कंपनीकडे जा, कंपनी म्हणे आमच्या अधिकृत विक्रेत्याचं बिल आणा. शेवटी पदरचे पैसे घालून जुळवून घेतली.

तपासायचं असं. लांबची एक आडवी रेघ पकडा, इमारतीची गच्ची वगैरे. दोन्ही डोळ्यांनी फोकस करा, मग दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच इंच लांब न्या. दोन गोल दिसतील, दोन्हीत गच्चीची रेघ एकाच उंचीवर पाहिजे. एकात वर एकात खाली असेल तर ठेवून द्या, दुसरा पीस मागा. एकाच मॉडेलचे दोन पीससुद्धा सारखे नसतात, म्हणून म्हणतो, दुकानात जा.

---

थापट्या | मंगळवार, सकाळी ८:१०

देवबाभूळ यांना जोरदार अनुमोदन. आणि दुकानात गेल्यावर आतल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथे सगळ्याच छान दिसतात. दाराबाहेर येऊ द्या म्हणावं. देत नसतील तर दुसरं दुकान.

डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी) लावल्याशिवाय तुलना करू नका, निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. उजवा डोळा बंद, डाव्याने बघून मधल्या चाकाने फोकस. मग डावा बंद, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या काचेची) कडी फिरवून त्याच वस्तूवर फोकस. झालं. ती खूण लक्षात ठेवा.

आणि हो, बाबांना चष्मा आहे का? असेल तर त्यांना घेऊन जा. चष्मेवाल्यांना आय रिलीफ (डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) पंधरा-सोळा मिमी तरी लागतो, नाहीतर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. अॅक्युलॉनचा बाराच्या आसपास आहे, पी३ चा वीसच्या, एम५ चा साडेएकोणीस. चष्मा असला की आयकप (डोळ्याकडचे रबरी कप) पूर्ण खाली.

---

गच्चीवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

अॅक्युलॉन आणि चष्मा, नाही जमत. मी चष्मा कपाळावर चढवून बघतो. पोरोच हवी असेल तर निकॉन अॅक्शन ईएक्स ८×४० बघा, वॉटरप्रूफ आहे, आय रिलीफ १७ च्या पुढे, देखावा भरपूर रुंद. फक्त आकार असा की बॅगेत डबा ठेवायला जागा उरत नाही.

---

खडकमाळ | शनिवार, रात्री १०:२०

जाऊन आले! बाबांना घेऊन. सविस्तर वृत्तांत देते कारण इतक्या जणांनी वेळ दिलात.

दुकानदार काका सज्जन निघाले, फुटपाथवर स्टूल टाकून दिलं आणि चार दुर्बिणी काढून ठेवल्या, अॅक्युलॉन, पी७, डायमंडबॅक आणि एम५, सगळ्या ८×४२. समोर रस्त्यापलीकडे जुन्या वाड्याचं कौलारू छप्पर, त्यावर केबलची तार आणि तारेवर, कोतवाल नाही, पण कावळा होता. तो सव्वा तास बसला बिचारा, त्याला मानधन द्यायला हवं होतं.

अॅक्युलॉनचं चित्र खरंच छान, खोली जाणवते, कौलं एकामागे एक उभी राहिल्यासारखी. मला आवडली होती. बाबांनी चष्म्यासकट लावली आणि म्हणाले, मधला रुपया दिसतोय. बाद.

एम५ लावली आणि कळलं लोक पैसे का देतात. कावळ्याच्या मानेचा राखाडी कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो ती कड, पाठीवरची निळसर झाक. जांभळी रेघ शोधली, जवळजवळ नाहीच. पण मग पी७ लावली की एकदम भिंत मागे सरकल्यासारखं, जास्त मावतं. कावळा उडाला तेव्हा पी७ मध्ये लगेच सापडला, एम५ मध्ये मी आभाळ धुंडाळत बसले. माझ्यासारख्या नवशिकीला ते महत्त्वाचं वाटलं. जांभळी रेघ पी७ मध्ये दिसते, कडेला जास्त. कोतवालदादा, तुम्ही सांगितलं नसतंत तर दिसली नसती, ह्याबद्दल तुमचा निषेध.

डायमंडबॅक हातात सगळ्यात छान बसली आणि स्टुलाच्या पायाशी पडलेल्या बडीशेपेच्या पुडीवरची अक्षरंसुद्धा वाचता आली, फुलपाखरूताई. पण बाबांच्या चष्म्याला तिच्यात कडेला काळी सावली येत होती, जरा हललं की. जाड काच आहे त्यांची.

१०×४२ पण बघितली हो मुलुंडकर, तुमच्यासाठी म्हणून. कौलं मोठी दिसली आणि नाचत होती.

शेवटी पी७ ८×४२. डायॉप्टरला लॉक आहे तेही आवडलं, कारण आमच्याकडे दोन माणसं आणि चार डोळे. पहिला पीस गच्चीच्या रेषेवर तपासला तर मला किंचित वरखाली वाटलं, काकांनी न कुरकुरता दुसरा काढला, तो सरळ. देवबाभूळ, ते चार-पाच इंच लांब न्यायचं जाम उपयोगी पडलं, दुकानदार काकांनीसुद्धा परत करून दाखवायला लावलं.

आणि ती १००×. शंकरपाळं. कबूल.

---

मुलुंडचा_मी | शनिवार, रात्री १०:३३

अभिनंदन. खाडीवर या कधीतरी, मग १० घ्यायला स्वतःच जाल. 😄

---

कोतवाल_तारेवरचा | रविवार, सकाळी ७:०५

निषेध स्वीकारला.

जाता जाता, काच पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग कापड. ओढणीने पुसलंत तर मला कळेल.

---

खडकमाळ | तीन आठवड्यांनी, बुधवार, दुपारी ४:४५

धागा वर काढतेय, माफ करा.

दुर्बीण माझी राहिलेली नाही. समोरच्या वठलेल्या गुलमोहराच्या फांदीत तांबट ढोली कोरतोय आणि बाबा सकाळी सात ते साडेनऊ गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मला ऑफिसात फोन येतो, "आज आत पूर्ण मान जातेय." काल फोन आला, "चोचीत भुसा भरून बाहेर येतो आणि फांदीवरून झटकून टाकतो, सोळा वेळा मोजलं मी." मी बैठकीत होते. डायॉप्टर त्यांच्या डोळ्याला लॉक केलंय आणि खूण खडूने केलीय.

खरा प्रश्न वेगळाच आहे. आयपीसवर जी रबरी जोडटोपी असते ती बाबांनी गॅलरीतून खाली पाडली, शोधून सापडली नाही. सुटी मिळते का कुठे?

---

थापट्या | बुधवार, संध्याकाळी ५:३०

रेनगार्ड म्हणतात त्याला. दोन्ही बाजूंना फटी असतात, गळ्याचा पट्टा त्यातून ओवून घ्यायचा असतो, मग पडत नाही. तुम्ही नुसताच बसवला असणार. दुकानदार काकांना फोन करा, मागवून देतील.

तोवर जुना मोजा चढवा. धुतलेला.